रॉसच्या काठावरची होडी

होडीचं प्रतिबिंब पडायला हवं होतं तिथे पाण्यात दोन माणसं उलटी उभी होती. चव्वेचाळीस वर्षांत हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं, ते त्या शनिवारी रोलंड बेनमने दाखवलं. रोलंड शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला, आणि आता हेरफर्डच्या एका चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी काउंटीतल्या गावांची जुनी पोस्टकार्डं पसरून बसणाऱ्या मंडळींचा म्होरक्या. त्याने कार्डावर भिंग धरलं, मान वाकडी केली, कार्डच उलटं केलं आणि समोर बसलेल्या थेल्मा प्रोबर्टला म्हणाला, "थेल्मा, हे तुमच्याच कंपनीचं ना? गंमत बघा. काठावर होडी आणि पाण्यात माणसं. कुणीतरी काठावरची माणसं पुसली आणि पाण्यातली पुसायला विसरलं." थेल्मा तेव्हा लेम्स्टरची कार्डं एका खोक्यात आणि लेडबरीची दुसऱ्यात लावत होती. तिने ते कार्ड हातात घेतलं नाही. रॉस गाव, टेकडीवरचं चर्चचं निमुळतं टोक, खाली वाय नदीचं वळण आणि काठावर ओढून ठेवलेली पांढरी होडी, हे सगळं तिला डोळे मिटूनही दिसत असे, आणि बऱ्याचदा नको असताना दिसत असे. हातातली लेम्स्टरची बाजारपेठ लेडबरीच्या खोक्यात पडली, आणि ती चूक निस्तरायला म्हणून तिला खाली बघता आलं, एवढंच बरं झालं.

"ती डॅलो म्हाताऱ्याची होडी," शेजारच्या लिली प्रीस म्हणाल्या. लिलीबाई रॉसमध्येच वाढलेल्या, ब्याऐंशी वर्षांच्या, आणि कुठल्याही कार्डावर त्यांच्या ओळखीचं काहीतरी निघायचंच. "मी बसलेय तिच्यात. बूड ओलं व्हायचं." सगळे हसले. थेल्माही हसली. त्या होडीत कुणीही कधी बसलेलं नव्हतं. ती होडी थेल्माने सोळाव्या वर्षी दोन नंबरच्या कुंचल्याने, दुपारच्या चहाच्या आधी, पाऊण तासात काढली होती.

स्केरेटच्या पोस्टकार्डांच्या कारखान्यात माळ्यावर उत्तरेच्या खिडकीपाशी सहा जणी ओळीने बसत. पुढ्यात तिरपी काच, काचेखालून उजेड, काचेवर निगेटिव्ह. काम एकच, गावं होती त्याहून बरी दिसतील अशी करायची. विजेचे खांब काढा, कचऱ्याचे डबे काढा, ब्रोमयार्डच्या चौकातला कुत्रा काढा, कारण तो जे करत होता ते पोस्टात टाकण्याजोगं नव्हतं. आभाळाचं तर काय सांगावं, अख्ख्या काउंटीला मिळून तीन आभाळं होती. एक, दोन आणि तीन असे त्यांचे नंबर होते, आणि लेडबरीवर दोन नंबरचे ढग आले की किंग्टनवरही तेच येत. मिस्टर ट्रम्पर नावाचा पोटाचा मोठा, बोलायला तिखट असा मुकादम पाठीमागून येरझाऱ्या घालायचा आणि दिवसातून दहादा एकच वाक्य म्हणायचा, "आधी सावली, मग माणूस. माणूस गेला आणि सावली राहिली, तर लोक कार्ड नाही घेत, पळून जातात." सुरी मात्र नव्या मुलींच्या हाती द्यायचा नाही. निगेटिव्हवर उजळ गोष्टी काळ्या उतरतात, चेहरे, हात असले काळे ठिपके सुरीने खरवडून काढायचे असतात, आणि खरवडलेलं परत येत नाही. नव्या मुलींपाशी फक्त पेन्सिल आणि लाल रंग. लाल रंग फासला की तेवढा भाग छापात पांढराशुभ्र यायचा. म्हणून ज्यांना खरवडता येत नसे त्या कशावर तरी पांढरं काहीतरी आणून बसवत. कुणी हंस बसवी, कुणी मेंढी. थेल्माने होडी बसवली. फळ्यांच्या रेघा सुईने सोडल्या. ट्रम्परने निगेटिव्ह उजेडाला धरलं, होडीकडे बघितलं आणि म्हणाला, पोरीचा हात बसायला लागला. होडीच्या देखणेपणात त्याचंही पाण्याकडे लक्ष गेलं नाही. तिला जमतंय असं तो पहिल्यांदाच म्हणाला होता, आणि त्या दिवशी ती घरी जाताना स्टेशनच्या मोरीत ओकली होती.

निगेटिव्ह पाकिटात येई आणि पाकिटावर फोटोग्राफर पेन्सिलीने गाव, दिशा, दिवस आणि वेळ लिही. त्या पाकिटावर लिहिलेलं होतं, रॉस, विल्टनच्या बाजूने, गुरुवार, नऊ जून, सव्वातीन. नऊ जूनच्या गुरुवारी तिची आई, जिला ती मॅम म्हणे, वाय नदीत बुडून गेली होती. शनिवारी खाली गुडरिचपाशी सापडली. मॅमचं मन दोन वर्षं ठिकाणावर नव्हतं, पडदे लावून बसायची, कधी ताटातलं तसंच सोडून उठून जायची, पण मृत्यूच्या चौकशीत सगळ्यांनी तिच्याबद्दल चांगलंच सांगितलं, आणि पाय घसरून अपघात असा निकाल लागला. डॅडनी शपथेवर सांगितलं, मी पाच वाजेपर्यंत हेरफर्डला सफरचंदाच्या सायडरच्या कारखान्यात होतो. त्यांच्या कामावरच्या जोडीदाराने हो म्हटलं. थेल्मा दोन आठवड्यांनी कामावर परतली आणि तिच्या काचेवर ट्रम्परने जे निगेटिव्ह आणून ठेवलं त्यात काठावर दोन माणसं होती. काळी तोंडं, पांढरे कोट, निगेटिव्हमध्ये दिसतात तशी. तिने भिंग लावलं. बाईच्या कोटाची कॉलर तिने स्वतः शिवली होती. पुरुष डाव्या खांद्याला जरा झुकून उभा होता, आणि तसं उभं राहणारा माणूस तिला रोज संध्याकाळी स्टेशनवर घ्यायला येत होता. त्याचा एक हात बाईच्या पाठीवर होता. काळा, एवढासा, मोहरीएवढा. तो हात तिला ओढत होता की ढकलत होता? हे दुसऱ्यांदा बघण्याची तिची छाती झाली नाही. ट्रम्पर म्हणाला होता, ते दोघे काढून टाक, चित्राचा तोल बिघडतोय. तिने लाल रंग कालवला. आधी सावली की आधी माणूस, काहीच डोक्यात राहिलं नाही.

तेव्हापासून ती घाबरलेली होती. भीती अशी की तिचा आवाज कुणाला येत नसे. वरून बघणाऱ्याला काय दिसे, तर आई गेलेली मुलगी आणि तिला जिवापाड जपणारा बाप. डॅडनी दुसरं लग्न केलं नाही. रविवारी मटण भाजायला शिकले, तिची वेणी घालायलाही शिकायला निघाले होते, ती सोळा वर्षांची आहे हे विसरून. पुढे दोघं रॉस सोडून हेरफर्डला आले. शेजारणी म्हणत, थेल्मा, असा बाप मिळायला भाग्य लागतं. भाग्यच ते. रस्ता ओलांडताना त्यांनी पाठीवर हात ठेवला की तिचं अंग दगड व्हायचं. न्हाणीघराची कडी ती दोनदा तपासायची. चव्वेचाळीस वर्षांत ती त्यांच्यासोबत पाण्याच्या काठावर एकदाही उभी राहिली नाही, आणि पुलावरून जायची वेळ आली तर बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने मागे राहायची. एका ग्रंथपालाने तिला मागणी घातली होती. चांगला माणूस होता, थोडा रटाळ. तिने नाही म्हटलं, कारण बापाला एकटं सोडायची तिला भीती वाटली आणि बापाजवळ राहायचीही, आणि दोन्ही भीतींच्या मध्ये हललं नाही म्हणजे निदान कुठलीच वाढत नाही असं तिला वाटायचं. तिचं डॅडवर प्रेम होतं. हेच तर वाईट होतं. नसतं तर पोलिसांत जाऊन मोकळी झाली असती.

रोलंड आता उत्साहात आला होता. स्केरेटच्या नातवाने माळा रिकामा करताना सगळी निगेटिव्ह मंडळींना देऊन टाकली होती, ती टेबलाच्या टोकाला खोक्यांत उभी होती, आणि रोलंडने पाच मिनिटांत रॉसचं पाकीट शोधूनही काढलं. त्याने पाकीट मोठ्याने वाचलं, वार, तारीख, वेळ. लिलीबाई ऐकताहेत का हे थेल्माने बघितलं. त्या केक कापत होत्या. रोलंड म्हणाला, हा लाल रंग पाण्याने जातो म्हणतात, सोमवारी धुऊन बघू, खाली कोण लपलंय ते कळेल, आणि मग प्रदर्शनात भिंतभर लावू, एका बाजूला होडी, एका बाजूला माणसं. "आणि तुमच्या डॅडना उद्घाटनाला आणायचंच. रॉसची इतकी जुनी माणसं आता राहिलीत कुठे? कदाचित ओळखतील सुद्धा." थेल्मा म्हणाली, त्यांची नजर आता चांगली नाही. हे खोटं होतं. डॅड एकोणनव्वदाव्या वर्षी समोरच्या घरातल्या मांजराचे केस मोजू शकत होते.

सगळे चहाकडे वळले तेव्हा तिने निगेटिव्ह पाकिटासकट पर्समध्ये घातलं. ती साठ वर्षांची होती, आणि आजवर तिने ग्रंथालयाचं पुस्तक उशिरा परत केल्याशिवाय कुठला गुन्हा केला नव्हता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं, बाहेर पडल्यावर तिला वाटलं, हाय टाउनमधला प्रत्येक माणूस तिच्या पर्सकडे बघतोय. शनिवारचा बाजार होता, फळवाला ओरडत होता, एका बाईने तिला हाक मारली, बहुतेक दुसऱ्याच कुणाला मारली असेल. चर्च स्ट्रीटच्या दगडांवरून ती कॅथीड्रलच्या हिरवळीपर्यंत आली, तिथून उतरून नदीवरच्या लोखंडी पुलावर. पुलावर ती थांबली. खाली पाणी तपकिरी, जूनमधलं, बेताचं. हीच नदी पुढे रॉसला जाते. पाकीट इथून टाकलं तर रात्रीपर्यंत तिथे पोचेल, हा विचार आला आणि ती कठड्यापासून मागे सरकली. सुरीने तुकडे करावेत, चुलीत घालावं. घरी कात्री होती, गॅस होता. सोमवारी रोलंडला सांगायचं, चुकून आलं आणि चुकून फाटलं. म्हातारपणी माणसाच्या चुका लोक पोटात घालतात. आणि डॅड उरलेली वर्ष दोन वर्षं तिच्या हातचा चहा पिऊन निघून जातील, आणि मग ती हात सुटल्यासारखी मोकळी होईल, की आणखीच घाबरेल? कारण मग विचारायला कुणीच उरणार नाही. पाकीट पर्समध्येच ठेवून ती पुलाच्या दुसऱ्या टोकाला पोचली.

डॅड स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेले, अंगात स्वेटर, पुढ्यात वर्तमानपत्रातलं कोडं. ती पर्स खुंटीला लावत होती, एवढ्यात ते म्हणाले, "त्या बेनमचा फोन होता. म्हणे तुझ्या पर्समध्ये चुकून त्यांची एक फिल्म आलीय. रॉसची. होडीवाली."

तिने नळ सोडला. हात धुवायला लागली. साबण लावला, धुतला, परत लावला. पाठ त्यांच्याकडे होती आणि तिला पाठच त्यांच्याकडे नको होती. बघते, ती म्हणाली. डॅड म्हणाले, काढ ना, आणि ते ड्रॉवरमधलं भिंग दे, मला ती होडी बघायची आहे.

"कशाला, डॅड? जुनं कार्ड आहे. सगळीकडे होतं."

"माझ्यापाशी पण आहे," ते म्हणाले. त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक जवळ ओढलं, ते नेहमी टेबलावरच असे, आणि मागच्या पानांतून एक कार्ड काढून तिच्याकडे सरकवलं. कडा मऊ झालेल्या, मधे घडी. "एकसष्टच्या उन्हाळ्यात घेतलं. पेपरवाल्याच्या दुकानात टांगलेलं होतं. तू बस जरा. एक सांगायचंय, आणि तो बेनम भिंतीवर लावायच्या आधी सांगायचंय."

ती बसली नाही. ओट्याला टेकून उभी राहिली, नळ मागे गळत होता.

"त्या दिवशी मी कामावर नव्हतो. अर्ध्या सुट्टीत निघून आलो होतो, सकाळी तुझ्या मॅमचं बोलणं मला बरं वाटलं नव्हतं. घरी नव्हती. नदीवर सापडली. मी तिच्या कोटाचा पट्टा धरला, मागून. घरी चल म्हटलं. ती हो म्हणाली, पोरी. चांगलं हसून हो म्हणाली. आणि पट्टा माझ्या हातात राहिला." त्यांचा अंगठा कोड्याच्या चौकोनांवरून फिरत होता. "मला पोहता येत नाही, तुला ठाऊक आहे. मी ओरडत काठाकाठाने धावलो, पार मळ्यापर्यंत. कोणी नव्हतं. मी तिथे होतो असं सांगितलं असतं, तर शपथेवर विचारलं असतं, घसरली की आपल्या पायांनी गेली? तेव्हा जीव देणं हा गुन्हा होता. पेपरात नाव आलं असतं, तुला ऐकावं लागलं असतं. म्हणून मी नव्हतोच म्हटलं. पट्टा कारखान्याच्या बॉयलरमध्ये टाकला."

थेल्माने मनात ते तपासून बघितलं. खरं असेल. खोटंही असेल, चव्वेचाळीस वर्षं घोकलेलं. तिने त्यांच्या हातांकडे बघितलं आणि तिला पूर्वीइतकीच भीती वाटली, हे तिच्या लक्षात आलं, आणि त्याचीही भीती वाटली.

"ते मी कधीच देवाला सांगून टाकलंय," डॅड म्हणाले. "ही होडी नाही सांगता आली." त्यांनी कार्डावर बोट ठेवलं. नख पाण्यातल्या दोन उलट्या माणसांवर होतं. "हे आम्ही दोघं. तिची टोपी बघ. पाण्यात दिसतोय, काठावर दिसत नाही. म्हणजे होडीच्या मागे उभे होतो. चार पावलांवर होती होडी, पोरी. अगदी पुढ्यात. मी होडी लोटली असती तर पोचलो असतो, तुझी मॅम अजून वर दिसत होती. आणि मी त्या होडीला ओलांडून, तिच्याभोवतून, कसं कोण जाणे, मळ्याकडे धावत सुटलो. घाबरलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही म्हणतात. पण एवढी पांढरी होडी? रात्री पडल्या पडल्या मी तो काठ आठवतो, गवत आठवतो, चिखल आठवतो. होडी आठवतच नाही. मग हे कार्ड काढतो, तर ती असते."

नळ गळत होता. थेल्माने तो बंद केला. मग तिने पर्समधून पाकीट काढलं, कपाटातून एक बशी घेतली, बशीत पाणी ओतलं, न्हाणीघरातून कापूस आणला. काय करतेस, डॅडनी विचारलं. तिने खिडकीतला दिवा टेबलावर ओढला, त्याच्यापुढे निगेटिव्ह धरलं आणि त्यांच्या हातात भिंग दिलं. बघत राहा, ती म्हणाली. तिने होडीच्या टोकापासून सुरुवात केली. रंग जुना होता, आधी हलेना, मग कापूस गुलाबी झाला. एक फळी गेली, दुसरी गेली. ती कापूस बदलत राहिली. हाताखाली गवत येत होतं, जसं त्या दुपारी होतं तसं, मग पांढरा कोट आला, दुसरा पांढरा कोट आला, दोन काळी तोंडं आली. बशीतलं पाणी लालसर झालं. तिने निगेटिव्हकडे बघितलंच नाही, ती डॅडच्या चेहऱ्याकडे बघत होती. भिंगामागचा त्यांचा डोळा मोठा आणि ओला दिसत होता.

"नाहीये," ते म्हणाले. "थेल, होडी नाहीये."

"नव्हतीच."

त्यांनी भिंग खाली ठेवलं, परत उचललं, परत बघितलं. त्यांचा श्वास असा बाहेर आला की तिला वाटलं, आता उठावं, पाठ चोळावी. मग हळूहळू त्यांच्या कपाळावर आठी आली. आयुष्यभर हिशोबी, सावकाश विचार करणारा माणूस. ते एकेक पायरी चढत कुठे येताहेत हे तिला दिसत होतं, आणि पळून जायला घरात जागा नव्हती.

"मग ही काढली कुणी?"

"मी," थेल्मा म्हणाली.

"तू. मग तू आम्हाला बघितलं होतंस. पाकिटावरची वेळही." त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं. "झाकलं का गं?"

चव्वेचाळीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर तिच्यापाशी तयार होतं, फक्त विचारणारा माणूस नेहमी दुसराच कुणीतरी असायचा, टोपीवाला, वहीवाला पोलीस. तिने ओला कापूस मुठीत दाबला. "मला वाटलं, तुम्ही तिला ढकललंत."

बाहेर समोरच्या घरातल्या बाईने मांजराला हाक मारली. डॅडनी प्रार्थनेचं पुस्तक मिटलं, कार्ड बाहेरच राहिलं.

"सोळाव्या वर्षापासून?"

तिने मान डोलावली.

"आणि तरी रोज सकाळी माझा चहा घेऊन वर येत होतीस," ते म्हणाले. "मी झोपलेला असताना. एकटी."

"हो, डॅड."

त्यांनी हात पुढे केला, टेबलावरून, तिच्या मनगटाच्या दिशेने, आणि अर्ध्यावर थांबवला. तिला चालेल की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिलाही नव्हतं. दोघं त्या हाताकडे बघत बसले.